रोलर डर्बीची पहिली मॅच: कुठे बसायचं, कुणाकडे बघायचं, कधी ओरडायचं

रोलर डर्बीत चेंडू नसतो. नव्या प्रेक्षकाची निम्मी अडचण तिथेच आहे. क्रिकेट असो की फुटबॉल, खेळ कळत नसला तरी डोळे आपोआप चेंडूमागे जातात आणि बहुतेक वेळा नजर बरोबर जागी पडते. इथे दहा जणी रोलर स्केट्स घालून लंबगोल ट्रॅकवर एकाच दिशेने निघालेल्या, एकमेकींना खांदे नि कंबर मारत. दोन्ही संघ एकाच वेळी गुण मिळवू बघतायत आणि त्याच वेळी समोरच्यांना अडवतायतही. शिट्ट्या वाजतात, पंच हातवारे करतात, फलकावर एकदम चार गुण वाढतात आणि आपण शेजारच्याला विचारतो, "आत्ता झालं काय?"

हा प्रश्न पडू नये, किंवा पडलाच तर निदान योग्य जागी पडावा, म्हणून हे लिहिते आहे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातल्या शहरांत राहणाऱ्या मराठी मंडळींच्या हाकेच्या अंतरावर हा खेळ चालू असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. उदाहरणाला मी ओरेगॉनमधलं पोर्टलंड घेतलं आहे. एक तर तिथला रोझ सिटी रोलर्स हा जगातल्या सर्वांत तगड्या क्लबांपैकी एक, आणि दुसरं म्हणजे इंटेलच्या कृपेने बीव्हरटन-हिल्सबरोकडे आपली माणसं भरपूर.

मॅच कोणती निवडायची

पहिल्यांदा जाताना मोठ्या स्पर्धेचं तिकीट काढू नका. नामांकित स्पर्धेत कधीकधी जगातला वरचा संघ आणि बराच खालचा संघ समोरासमोर येतात, मग गुणफलक एकाच बाजूला धावतो आणि नवख्याला त्यात काही हाती लागत नाही. त्यापेक्षा क्लबच्या अंतर्गत संघांची मॅच बघा. मोठ्या क्लबात स्थानिक संघ असतात, आणि त्यांच्यातून निवडलेला एक सर्वोत्तम संघ बाहेरगावी खेळायला जातो. रोझ सिटीचे असे चार स्थानिक संघ आहेत: ब्रेक नेक बेटीज, गन्स अँड रोलर्स, हार्टलेस हेदर्स आणि हाय रोलर्स. बाहेर खेळणारा निवडक संघ म्हणजे व्हील्स ऑफ जस्टिस. स्थानिक संघ एकमेकींना पुरते ओळखून असतात, त्यामुळे लढत बरोबरीची होते, खुन्नसही खरी असते आणि प्रेक्षकांत प्रत्येकीचे नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले लोक असल्याने दंगा जोरात होतो.

एकाच संध्याकाळी दोन मॅच लागोपाठ असतील तर त्या दिवशी जा. पहिलीत खेळ समजतो, दुसरीत मजा येते. एक मॅच म्हणजे 30-30 मिनिटांचे दोन भाग, पण टाइमआउट आणि मध्यंतर धरून दीड ते दोन तास सहज जातात. तिकीट एनबीएच्या तिकिटापुढे किरकोळ वाटेल असं असतं. ते क्लबच्या संकेतस्थळावरून आधी काढून ठेवा, कारण सभागृहं लहान असतात आणि घरच्या मॅच भरून जातात.

दुसऱ्या शहरात असाल तर शोधायची नावं अशी: न्यू यॉर्कला गॉथम, सिएटलला रॅट सिटी, शिकागोला विंडी सिटी, ऑस्टिनला टेक्सस रोलरगर्ल्स, शिवाय टोरांटो आणि लंडनचे त्या त्या शहराच्या नावाचे क्लब, मेलबर्नला व्हिक्टोरियन रोलर डर्बी लीग. यांतल्या गॉथमने 2011 ते 2014 सलग चार वर्षं जागतिक संघटनेचं अजिंक्यपद सोडलं नव्हतं. मग 2015 आणि 2016 मध्ये रोझ सिटीने ते घेतलं. 2017 मध्ये मेलबर्नच्या पोरींनी ते पहिल्यांदाच अमेरिकेबाहेर नेलं आणि पुढच्याच वर्षी रोझ सिटीने परत आणलं. म्हणजे पोर्टलंडमध्ये तुम्ही कुठल्याशा हौशी मंडळाचा कार्यक्रम बघायला जात नाही आहात. गंमत अशी की या सगळ्याजणी हौशीच आहेत. कुणाला मानधन नाही, उलट क्लबची वर्गणी स्वतःच्या खिशातून भरतात. दिवसा नोकरी करायची, संध्याकाळी सराव करायचा, आणि मॅचच्या दिवशी खुर्च्या लावण्यापासून कचरा उचलण्यापर्यंतची कामंही आपसातच वाटून घ्यायची.

निघण्याआधी एवढे नियम पुरेत

सगळे नियम वाचून जाऊ नका. पुस्तिका जाडजूड आहे आणि पंचांनाही त्यावर खल करावा लागतो. तुम्हाला कबड्डी कळते ना, मग अर्धं काम झालं.

चढाईपटू घ्या, त्याला रोलर स्केट्स घाला. ही झाली जॅमर. तिच्या हेल्मेटवर ताणून बसवलेल्या कापडी कव्हरवर मोठा तारा असतो. तिला अडवायला समोरच्या संघाच्या चार बचावपटू, म्हणजे ब्लॉकर. फरक एवढाच की इथे दोन्ही संघांच्या चढाया एकाच वेळी सुरू असतात. दोन जॅमर आणि एकूण आठ ब्लॉकर एकाच ट्रॅकवर. ब्लॉकरना समोरच्या जॅमरला रोखायचंही असतं आणि आपल्या जॅमरसाठी वाटही फोडायची असते. या आठ जणींच्या घोळक्याला पॅक म्हणतात.

खेळ छोट्या डावांत चालतो. एका डावाला जॅम म्हणतात आणि तो जास्तीत जास्त दोन मिनिटांचा असतो. दोन जॅमच्या मध्ये 30 सेकंद मिळतात, तेवढ्यात नव्या पाच जणी मैदानात. संघात 15 जणी असतात, त्यामुळे आळीपाळीने सगळ्या दिसतात.

गुण असे मिळतात. शिट्टी झाली की दोन्ही जॅमर मागून येऊन पॅकमध्ये घुसतात. पहिल्यांदा पॅक पार केल्याचे गुण नाहीत. मग एक पूर्ण चक्कर मारून ती पुन्हा मागून येते, आणि आता समोरच्या संघाच्या जेवढ्या ब्लॉकरना ती नियमाने ओलांडेल तेवढे गुण. चौघी ओलांडल्या तर चार. पुन्हा चक्कर, पुन्हा चार.

आणि आता जो नियम कळला की खेळ उघडतो तो: जी जॅमर पहिल्यांदा, नियम न मोडता, पॅकमधून बाहेर पडते ती त्या डावाची लीड जॅमर. दोन मिनिटं पुरी व्हायच्या आत डाव थांबवायचा हक्क फक्त तिला. दोन्ही हात कमरेवर आपटून ती खूण करते, पंच चार झटपट शिट्ट्या मारतात, डाव संपला. नवख्याला वाटतं, अरे, चांगली पळत होती, थांबली का? तर मागे बघा. समोरच्या संघाची जॅमर चक्कर पुरी करून गुण घ्यायला येऊन ठेपलेली असते. आपले चार गुण पदरात पाडून तिला शून्यावर ठेवायचं आणि दुकान बंद करायचं. बऱ्याच मॅच अशा चार-शून्य, चार-शून्यच्या चिकाटीवर जिंकल्या जातात.

एवढं पुरे. बाकीचं तिथे बघताना समजेल.

जायची तयारी आणि जागा

रोझ सिटीच्या घरच्या मॅच ओक्स पार्कमधल्या 'हँगर' नावाच्या शेडमध्ये होतात. ओक्स पार्क म्हणजे विलॅमेट नदीकाठचं, सेलवुड भागातलं जुनं करमणूक उद्यान, 1905 पासून चालू असलेलं. उन्हाळ्यातल्या शनिवारी पाळण्यांची गर्दीही त्याच आवारात असते, म्हणून गाडी लावायला वेळ हाताशी ठेवा. सायकलवाल्यांसाठी स्प्रिंगवॉटरचा सायकलमार्ग उद्यानाला लागूनच जातो आणि तो रस्ता सुंदर आहे. मोठे सामने कधीकधी शहरातल्या व्हेटरन्स मेमोरियल कोलिझियममध्ये असतात, तेव्हा तिकिटावरचा पत्ता नीट वाचा.

अशा शेडमध्ये हिवाळ्यात गारठा आणि उन्हाळ्यात भट्टी असं काहीसं असतं. काढता-घालता येईल असं जॅकेट बरं. खाण्यापिण्याच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवा: हॉट डॉग, पॉपकॉर्न, फार तर पिझ्झा, आणि मोठ्यांसाठी बिअर. शाकाहारी माणसाने घरून जेवून निघावं. पर्समध्ये चिवड्याची पुडी दडवून न्यायचा मोह बहुतेक दारावर अडवला जातो. लहान मुलं बरोबर असतील तर कानांवर लावायचे आवाजरोधक हेडफोन न्या. लाकडी फ्लोअरवरची चाकं, शिट्ट्या, निवेदकाचा माइक आणि मधलं संगीत मिळून चांगलाच कल्ला होतो. महाराष्ट्रातून आलेल्या आजी-आजोबांना नेऊ नये असा कुणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. माझ्या अनुभवात सर्वांत आधी रंगात येणारी मंडळी तीच. फक्त पाठ टेकायची सोय असलेली जागा बघून द्या.

जागा निवडताना दोन पर्याय असतात. एक, ट्रॅकच्या अगदी कडेला, जमिनीवर किंवा पहिल्या रांगेत. ट्रॅकच्या बाहेर साधारण दहा फुटांची मोकळी पट्टी राखलेली असते, पण जोरात ढकललेली ब्लॉकर ती पार करून मांडीवर येऊन पडू शकते. म्हणून अनेक ठिकाणी तिथे फक्त सज्ञानांनाच बसू देतात, आणि तिथे बसलात तर पाय आत घ्या, पेला हातात ठेवा. दुसरा पर्याय म्हणजे वरच्या पायऱ्या. पहिल्या मॅचला माझं मत निःसंशय वरच्या पायऱ्यांचं. कडेला बसून थरार मिळतो, पण घोळक्याचा आकार दिसत नाही, आणि घोळक्याचा आकार म्हणजेच खेळ. शक्य असेल तर वळणाच्या थोडं आधी, जिथून जॅम सुरू होतो त्या रेषेसमोर बसा. जमिनीवर दोन आडव्या रेषा दिसतील, एकमेकींपासून 30 फुटांवर. त्यांच्यामध्ये ब्लॉकर उभ्या राहतात आणि मागच्या रेषेच्या मागे दोन्ही जॅमर.

आल्या आल्या ट्रॅककडेही जरा नीट बघून घ्या. सपाट जमीन आणि तिच्यावर चिकटपट्टीने आखलेला लंबगोल. पट्टीखाली बऱ्याचदा दोरी असते, म्हणजे चाक तिच्यावरून गेलं की पायाला कळतं. या साध्या लंबगोलामुळेच हा खेळ आज जगभर आहे. 1935 मध्ये शिकागोच्या कोलिझियममध्ये लिओ सेल्ट्झर नावाच्या आयोजकाने रोलर डर्बी सुरू केली, तेव्हा ती सहनशक्तीची शर्यत होती. एक पुरुष आणि एक स्त्री अशा जोड्या लाकडी ट्रॅकवर हजारो मैल फेऱ्या मारायच्या. लोक टाळ्या वाजवायचे ते धडकाधडकीला, म्हणून हळूहळू धडकाधडकी हाच खेळ झाला. टीव्हीच्या काळात तो गाजला, त्याचा तमाशा होत गेला आणि 1973 मध्ये सेल्ट्झरच्या मुलाने तो बंद केला. पुढच्या एका टीव्ही अवतारात, 1989 मध्ये, ट्रॅकशेजारी मगरींचं डबकंसुद्धा होतं. आजही साठीतले अमेरिकन शेजारी "ते सगळं खोटं असतं ना?" म्हणतात, त्याचं कारण हे. 2001 च्या सुमाराला ऑस्टिनमध्ये काही बायकांनी हा खेळ नव्याने उभा केला. जुना ट्रॅक उतरता, बांधीव आणि महागडा होता. 2003 मध्ये टेक्सस रोलरगर्ल्सनी तो सरळ सपाट जमिनीवर आणला. एक सभागृह, दोरी आणि चिकटपट्टी एवढ्या भांडवलावर कुठल्याही गावात क्लब काढता येऊ लागला. 2004 मध्ये महिलांच्या सपाट ट्रॅकवरच्या क्लबांची संघटना उभी राहिली. तिचेच नियम आज जगभर चालतात. आताचा खेळ खोटा नाही, निकाल ठरलेले नसतात, आणि कोपर मारलं तर बाहेर बसावं लागतं.

पहिले काही जॅम असे बघा

पहिला जॅम: फक्त तारा बघा. एका जॅमरचा, दोन्हींचा नको. ती कुठून घुसते, किती वेळा अडते, बाहेर कधी पडते. ती पहिली बाहेर पडली तर दोन झटपट शिट्ट्या ऐकू येतील आणि एक पंच तिच्याकडे बोट दाखवत तिच्याबरोबर धावू लागेल. ती लीड जॅमर.

दुसरा जॅम: फक्त कमरेकडे बघा. लीड जॅमरचे हात कमरेवर कधी जातात आणि त्या क्षणी दुसरी जॅमर कुठे आहे. तिने डाव बरोबर वेळी थांबवला की उशिरा, हे दोन-चार जॅमनंतर तुम्हीच ठरवू लागाल आणि शेजारच्याशी वाद घालाल. तिथून पुढे तुम्ही प्रेक्षक.

तिसऱ्या जॅमपासून तारा सोडा. हे सांगायला सोपं, करायला अवघड. डोळे पुन्हापुन्हा जॅमरकडेच जातात, कारण वेग तिच्याकडे असतो. पण डर्बी जिंकतात ब्लॉकर, आणि त्यांचं काम संथ, तोकड्या जागेतलं असतं. तिघी जणी त्रिकोण करून उभ्या दिसतील: दोघी खांद्याला खांदा लावून, आणि तिसरी त्यांच्याकडे तोंड करून, उलटी सरकत, दोघींना हातांनी धरून. ही तिसरी म्हणजे भिंतीचा टेकू. जॅमर मागून ढकलते आहे, तिकडे बघणं फक्त तिलाच शक्य असतं. म्हणून "डावीकडे", "आत", "सोड" अशा हाका तीच देत असते. चौथी मोकळी फिरते. ती कधी भिंतीला येऊन मिळते, कधी समोरच्यांची भिंत फोडायला जाते. या चौथीवर नजर ठेवा. संघाने बचाव धरला आहे की हल्ला, हे तिच्या पायांवरून कळतं.

आता सर्वांत सुंदर डावपेच. ब्लॉकरने जॅमरला खांदा मारून ट्रॅकबाहेर काढलं, की जॅमरला परत येताना तिला बाहेर काढणारीच्या मागूनच आत यावं लागतं. पुढून आत आली तर तो दंड. मग ती ब्लॉकर काय करते? लगेच मागे सरकते, उलट दिशेने, दहा-पंधरा फूट. जॅमरही बाहेरून तेवढीच मागे पळते. मग आत येते, पुन्हा तीच भिंत, आता आणखी मागे. ट्रॅकबाहेर पडलेल्या जॅमरकडे बघाल तर हा खेळ दिसणार नाही. तिला बाहेर काढणारी कुठे चालली आहे ते बघा. अर्थात ब्लॉकरला फार मागे जाऊन चालत नाही. पॅकपासून 20 फुटांपेक्षा लांब गेली की तिला कुणाला अडवता येत नाही, म्हणून तिच्या मैत्रिणी मध्ये उभ्या राहून अंतराचा पूल बांधतात. वरच्या पायऱ्यांवरून हा पूल ताणला जाताना स्पष्ट दिसतो.

यानंतर मग मोठे क्षण आपोआप दिसू लागतात. वळणावर आतल्या कोपऱ्यावरून जॅमर हवेत उडी मारून भिंत चुकवते आणि एका पायावर ट्रॅकमध्ये उतरते. याला एपेक्स जंप म्हणतात आणि सगळं सभागृह उठून उभं राहतं. किंवा दमलेली जॅमर हेल्मेटवरचं ताऱ्याचं कव्हर काढते आणि आपल्या संघाच्या पट्टेवाल्या हेल्मेटच्या हाती देते. ती पट्टेवाली म्हणजे पिव्हट, चार ब्लॉकरांपैकी एक, आणि तारा डोक्यावर चढवायचा हक्क फक्त तिला. गर्दीत कव्हर हातून पडलं तर जी धांदल उडते ती बघण्यासारखी.

शिट्ट्या, पंच आणि दंड

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट घातलेले, स्केट्सवरचे सातपर्यंत पंच असतात. पहिल्यांदा वाटतं, खेळाडूंपेक्षा यांचीच गर्दी जास्त. काही आतून, काही बाहेरून फिरतात, आणि दोघं फक्त एकेका जॅमरला चिकटलेले असतात. जॅमरच्या पंचाच्या हाताची बोटं बघा. प्रत्येक फेरीनंतर तो वर धरतो तेवढे गुण. फलकावर आकडा येण्याआधी तुम्हाला कळलेला असतो.

एक लांब शिट्टी म्हणजे दंड. पंच आधी शर्टाचा रंग सांगतो, मग नंबर, मग गुन्हा, आणि हाताने खूणही करतो. धक्का देता येतो तो धडाने, कंबरेने, कोपराच्या वरच्या दंडाने आणि मांडीच्या वरच्या भागाने. कोपर, हात, डोकं, पाय चालत नाहीत. पाठीवर, डोक्यावर किंवा मांडीच्या मध्याखाली मारणं चालत नाही. दंड झालेली खेळाडू 30 सेकंद ट्रॅकबाहेर दंडाच्या खुर्चीत जाऊन बसते. सात दंड झाले की त्या मॅचपुरती ती बाहेर.

जॅमरच खुर्चीत गेली की त्याला पॉवर जॅम म्हणतात. समोरच्या जॅमरला आता कुणाची भीती नाही, ती फेरीमागून फेरी गुण लुटत सुटते. मॅचचं पारडं फिरतं ते बहुधा इथेच. त्यामुळे जॅमरचा दंड पुकारला की सभागृहाचा अर्धा भाग किंचाळतो आणि अर्धा कपाळाला हात लावतो. लीड जॅमरलाच दंड झाला तर तिचा डाव थांबवायचा हक्कही जातो. म्हणजे दुहेरी मार.

मधेच सगळे पंच गोल करून कुजबुजताना दिसतील. एखाद्या संघाने निर्णय तपासायला सांगितलेला असतो. हा वेळ पाणी प्यायला चांगला.

ओरडायचं कसं, गप्प कधी बसायचं

संघ माहीत नसेल तर पहिल्या दहा मिनिटांत एखादी खेळाडू निवडा आणि तिच्यासाठी ओरडा. नावं मजेशीर असतात. जवळपास प्रत्येकीने स्वतःसाठी कोट्यांनी भरलेलं एक टोपणनाव घेतलेलं असतं, आणि निवेदकही तेच पुकारतो. कुणी मराठी पोरगी उतरली तर 'धक्कादायक' हे नाव मी तिच्यासाठी आजपासून राखून ठेवते. खरं नाव विचारत बसू नका. ओळख झाली तरी टोपणनावानेच हाक मारायची रीत आहे. संघटनेचं धोरण स्त्रियांबरोबरच ट्रान्स आणि नॉनबायनरी खेळाडूंनाही सामावून घेणारं आहे, तेव्हा ट्रॅकवरच्या सगळ्यांना सरसकट 'लेडीज' म्हणण्यापेक्षा 'स्केटर्स' म्हणा.

जाळीदार मोजे आणि झगमगीत स्कर्ट बघायच्या आशेने जाणाऱ्यांची थोडी निराशा होईल. सुरुवातीच्या वर्षांत ते होतं. आता जर्सी, लेगिंग, गुडघ्या-कोपरांचे पॅड, मनगटपट्ट्या, तोंडात माउथगार्ड. खेळ गंभीर झाला तसा पोशाख बदलला. मला हे बरंच वाटतं. शरीरयष्टीवरची शेरेबाजी मात्र कुठल्याही काळात नको. या खेळात ठेंगणी, उंच, सडपातळ, जाडजूड, सगळ्यांना काम असतं, आणि भिंत धरायला रुंद खांदे नि जड कंबर ही तर दौलत आहे.

ओरडा, टाळ्या वाजवा, पाट्या रंगवून न्या, आवडत्या पंचालाही चिडवा, पण मजेत. तिथे प्रतिस्पर्धी संघाला शिव्या देण्याची रीत नाही. चांगला धक्का कुणाचाही असो, टाळी दोघांकडून मिळते. फोटो बिनधास्त काढा, फ्लॅश बंद ठेवून. फ्लॅश वळणावर डोळ्यांत गेला तर कुणीतरी पडेल. आणि ट्रॅक ओलांडून पलीकडे जाऊ नका, मोकळा दिसला तरी. बुटाची माती किंवा बिअरचा एक थेंब म्हणजे पुढच्या जॅममध्ये घसरलेलं चाक.

कुणाला लागलं तर खेळ थांबतो आणि मैदानातल्या सगळ्या खेळाडू एका गुडघ्यावर बसतात. तेव्हा शांत राहायचं. संगीतही बंद होतं. जखमी खेळाडू उठून उभी राहिली, किंवा तिला उचलून नेलं, की दोन्ही बाजूंनी टाळ्या. मुलं घाबरली तर त्यांना आधीच सांगून ठेवा की पडणं हा या खेळाचा रोजचा भाग आहे, त्या पडायलाही शिकलेल्या असतात.

मध्यंतर आणि मॅचनंतर

मध्यंतरात बाहेर पळू नका. टी-शर्ट, बिल्ले, सोडतीची तिकिटं विकणाऱ्या टेबलांवर बसलेल्या बहुतेक जणी स्वतः खेळाडू असतात, दुसऱ्या संघातल्या किंवा दुखापतीमुळे बाहेर बसलेल्या. न समजलेलं जे काही असेल ते त्यांना विचारा. मगाशी तो दंड का दिला, हा प्रश्न त्यांना फार आवडतो आणि उत्तर हातवाऱ्यांसकट मिळतं. सोडतीचे पैसे क्लबलाच जातात.

मॅच संपल्यावर दोन्ही संघ ट्रॅकभोवती एक फेरी मारतात आणि कडेच्या प्रेक्षकांचे हात टाळ्या देत पुढे जातात. वरच्या पायऱ्यांवर बसलेल्यांनी तेवढ्यापुरतं खाली यावं, मुलांना पुढे करावं. पंचांनाही टाळी द्या, त्यांनाही मानधन नसतं.

खेळ मनात बसला आणि घरी आल्यावर तो नीट समजून घ्यावासा वाटला, तर यूट्यूबवर जुन्या अजिंक्यपदाच्या मॅच आहेत. एकच जॅम तीन-चार वेळा लावून प्रत्येक वेळी वेगळ्या ब्लॉकरकडे बघा. स्केट्स घालायची हिंमत नसेल पण आत शिरायचं असेल, तर क्लबना वेळ मोजणारे, गुण लिहिणारे, दंडाच्या खुर्च्यांजवळ घड्याळ धरणारे स्वयंसेवक कायम हवे असतात. ते काम शिकवलं जातं आणि खेळ आतून कळायला त्यासारखी दुसरी जागा नाही.

आणि स्वतःच उतरावंसं वाटलं तर तेही दूर नाही. रोझ सिटीत मुलींसाठी रोझबड्स आणि स्पर्धा न खेळता फक्त हौस म्हणून येणाऱ्यांसाठी रेकर्स अशा तुकड्या आहेत. इतर मोठ्या क्लबांतही नवशिक्यांचे वर्ग भरतात, आणि तिशी-चाळिशीत पहिल्यांदा चाकांवर उभ्या राहिलेल्या बायका तिथे भरपूर भेटतील. उत्साहाच्या भरात दुसऱ्याच दिवशी महागडे स्केट्स मागवू नका. वापरलेले स्केट्स, पॅड आणि हेल्मेट उसने किंवा भाड्याने मिळतात का ते आधी क्लबला विचारा. माउथगार्ड तेवढा स्वतःचा घ्या.